डबा मुका पाहिजे

चन्नाप्पा बागेवाडीहून आला तेव्हा
त्याच्या जुन्या ओम्नीत मागं
कुणीतरी ठोकून दिलेला प्लायचा डबा होता,
आणि त्यात बारा इंची स्पीकर
बिडीवाल्या म्हाताऱ्यागत खोकत होता.
“आवाज पाहिजे बघ,” म्हणाला.
मी म्हटलं, आवाज स्पीकर देतोय गा,
डब्यानं नुसतं गप्प बसायचं.
ते काही त्याला पटलं नाही.
पैसे दिले मात्र. अर्धे.

उद्यमबागेतनं अठरा एमएमचा एमडीएफ आणला,
स्कूटरवर आडवा, दोन्ही गुडघ्यांत धरून.
कापताना भुसा पिठासारखा उडतो,
भुवयांवर बसतो, चहात पडतो.
आत सव्वा घनफूट हवा पाहिजे.
स्पीकरच्या पाठीची जागा धरायची, पट्ट्यांची धरायची.
हिशोब मी दाराच्या मागं पेन्सिलीनं लिहितो,
तिथंच दुधाचा आकडाही असतो.
एकदा मी डब्यातनं दूध वजा केलं होतं.

फेव्हिकॉल, स्क्रू, शिकंजे, रात्रभर.
सकाळी कोपऱ्याकोपऱ्यात सिलिकॉन,
बोट ओलं करून फिरवलं,
दुकानभर आंबट वास, लोणचं बिघडल्यासारखा.
मग स्पीकर बसवून त्याचा कागद
तळव्यानं हळूच दाबायचा,
आणि सांध्यांवरनं उदबत्ती फिरवायची.
धूर सरळ वर गेला तर बरं.
मागच्या कडेला तो वाकला.
तिथं देव नव्हता, भोक होतं.

दुपारी आप्पा चहाला आले.
अडतीस वर्षं वडगावात मागावर,
चार माग एकदम सांभाळायचे,
कान तिथंच ठेवून आले.
आता आई बोलते ते ओठांवरनं घेतात,
मी बोलतो ते घेतच नाहीत.
मी खालचा सूर लावून बसलो होतो,
माझ्या कानाला सगळं ठीक होतं.
आप्पांनी कप डब्यावर ठेवला,
चहात बारीक वलयं उठली.
कप उचलला. तळवा ठेवला,
ताण्यावर ठेवतात तसा, वजन न देता.
तळवा सरकत गेला
आणि डाव्या फळीवर थांबला,
मधल्यापासून चार बोटं खाली.
“हितं थरथरालंय.”
अंगठ्याच्या नखानं खूण केली, चहा प्यायला.

मी डबा उघडला.
डावी-उजवीकडनं एक आडवी दांडी दिली
बरोबर नखाच्या खुणेवर.
फळ्यांना आतनं डांबराची शीट,
आईच्या शेगडीवर शेकून, रुळानं दाबून
(आई दोन दिवस बोलली नाही,
भाकरीला डांबराचा वास).
भरायला कापूस आणायला निघालो
तर आप्पांनी कॉटखालनं पोतं ओढलं:
कांड्यांवरची उरलेली तार,
मोरपंखी, राणी, लिंबू कलरची,
माग विकले तेव्हा एवढंच मागं ठेवलेलं.
मोकळी भरायची, म्हटलं, कोंबायची नाही, गुदमरतं.
त्यांनी ऐकलं नाही,
पण बोटांनी पिंजून पिंजून
मोकळीच भरली.

चन्नाप्पा रविवारी आला.
डबा बसवला तर नंबरप्लेट वाजायला लागली.
तिला सायकलच्या ट्यूबचा वॉशर घातला,
मग सीटखालचा जॅक, मग मागच्या दाराची कडी,
मग डॅशबोर्डवरचा यल्लम्माचा फोटो.
तिची काच मात्र चन्नाप्पानं
स्वतःच्या हातानं काढून कागद घातला.
“भाळ छलो,” म्हणाला, आणि उरलेले अर्धे
मोजायला लागला, एकेक नोट, जडपणानं.

आप्पा तोवर मागच्या सीटवर चढले होते,
चप्पल काढून, पाय पत्र्यावर टेकून.
गाणं कुठलं होतं आठवत नाही,
कानडी होतं की मराठी तेही नाही,
खालून नुसती ठोक, ठोक येत होती
आणि आप्पांचा उजवा हात
मांडीवर पुढं-मागं, पुढं-मागं,
धोटा फेकल्यासारखा.

चन्नाप्पानं फोन आला म्हणून बंद केलं.

आप्पा दचकले. वाकून
डब्याच्या तोंडाकडं बघत
म्हणाले, “तार तुटली काय रे?”